सूर्यास्त सहा वाजून दोन मिनिटांनी

गोमटेश मगदूमला वस्तू घ्यायची हौस होती. वस्तू आधी घरात यायची आणि ती कशाला लागते याचा विचार मागनं व्हायचा. शेळ्यांचं दूध काढायचं यंत्र त्यानं आणलं तेव्हा घरात शेळी नव्हती, आणि आजही नाही. होडीच्या बाबतीत मात्र त्याच्याकडं चांगलं कारण होतं. त्या पावसाळ्यात वारणेला पूर आला, तेव्हा तो आणि त्याची बायको गुणमाला दोन दिवस गच्चीवर बसून होते. सोडवायला बोट आली ती तिसऱ्या दिवशी. तोवर दोघांनी लिंबाच्या लोणच्याची आख्खी बरणी संपवली होती.

पूर ओसरल्यावर गावाची बैठक झाली. गावाला स्वतःची बोट पाहिजे असं सगळ्यांचं एकमत झालं, चहा झाला, मंडळी घरी गेली. डिसेंबर उजाडला तरी पुढं काही हललं नाही. मग गोमटेशनं मोबाईलवर फोटो बघून कोकणातली एक लाकडी होडी घेऊन टाकली. फोटोत शीड होतं, निळं आभाळ होतं आणि होडीच्या काठावर एक मांजर बसलेलं होतं.

"मांजर संगट येणार हाय का?" गुणमालानं विचारलं.

"तसं लिवलेलं न्हाई."

"आणि आणायची कशी ती? खांद्यावरनं?"

गोमटेशनं त्याचाही विचार केला होता, म्हणजे नाथाजींना फोन केला होता. नाथाजी निकम उंब्रजचे. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रक घेतला होता आणि आठ वर्षं गोमटेशचा ऊस त्याच ट्रकमधून कारखान्याला जात होता. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस लागून राहिला, रानात चिखल झाला आणि ऊसतोड बंद पडली. ट्रक दारात उभा. नाथाजींना रिकामं बसणं म्हणजे शिक्षाच. "ऑपरेशन कवा हाय तेवढं सांगा," ते म्हणाले.

अडचण एकच होती. होडी ज्या वाडीत होती तिथं जायला ओढ्यावर एक अरुंद साकव होता, त्याच्यावरनं बैलगाडी जाईल पण ट्रक जाणार नव्हता. तेव्हा होडीनं समुद्रातनं दहा किलोमीटर उत्तरेला पुढच्या धक्क्यापर्यंत यायचं आणि तिथं ट्रकवर चढायचं असं ठरलं. होडीचा मालक धाकू तांडेल सत्तरीचा. होडीचं इंजिन त्याच्या पुतण्यानं आधीच काढून स्वतःच्या होडीला लावलं होतं. एकट्याला शीड जमायचं नाही, जोडीला दोन माणसं लागतील, असं त्यानं कळवलं होतं.

"मीबी येते," गुणमाला म्हणाली. "तुमी एकटं गेलासा तर येताना आगबोट घेऊन यालसा."

आदल्या दिवशी दोघं उंब्रजला नाथाजींकडं मुक्कामाला गेली आणि पहाटे ट्रक निघाला. कोयनानगर मागं पडलं, कुंभार्ली घाट धुक्यात उतरला, चिपळूणला चहा झाला. आभाळ पार भरलेलं. वादळ दोन दिवसांपूर्वी कुठंतरी लांबून निघून गेलं होतं. भुरभुर पाऊस आणि हाडात शिरणारा गार वारा एवढं मात्र मागं ठेवून गेलं होतं. साडेनऊला ते साकवापाशी पोचले. नवरा-बायको उतरून पलीकडं चालत गेली. नाथाजींनी ट्रक वळवला आणि खाडीला वळसा घालून धक्क्याकडं निघाले.

ट्रक दिसेनासा झाल्यावर गुणमाला थांबली.

"आवं, डबा?"

गोमटेशनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. एका हातात छत्री होती. दुसऱ्या हातात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची फुगवलेली ट्यूब होती, कारण त्याला पोहता येत नव्हतं.

डबा ट्रकच्या केबिनमध्ये राहिला होता. एरवी ही मोठी गोष्ट नव्हती. पण गुणमालानं सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम घेतला होता आणि दोन वर्षं तो एकदाही मोडला नव्हता. सूर्य मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. सकाळपासून पोटात फक्त चिपळूणचा चहा होता. डब्यात ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची सुकी उसळ, शेंगाची चटणी आणि धपाटे होते. ते सगळं आता खाडीच्या कडेकडेनं दुसरीकडं चाललं होतं.

"दीड तासाचं तर काम हाय," गोमटेश म्हणाला. "बाराला जेवायला बसतोय बघ."

धाकू तांडेल वाळूत उकिडवा बसला होता. अंगात जुना स्वेटर, डोक्याला कानटोपी, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी. होडी फोटोपेक्षा म्हातारी निघाली. मांजर नव्हतं. गुणमालानं होडीच्या आत वाकून नाक लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"काका, हिच्यात मासळी कधी भरली न्हाई न्हवं? आमी जैन हाय. ह्यांनी मला सांगितलं हौसेची होडी हाय म्हणून."

तांडेलानं बराच वेळ विचार केला.

"परवापासून नाय," तो म्हणाला.

गुणमालानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा ट्यूबमध्ये शिरत होता. पोटामुळं ती कमरेवर अशी गच्च बसली की पुन्हा काढायचा प्रश्नच उरला नाही. डोक्यावर त्यानं खताच्या पोत्याची खोळ घेतली, छत्री उघडली आणि तसाच होडीत बसायला गेला. ट्यूबमुळं त्याला बसता येईना, तो टेकला की उसळून वर यायचा. शेवटी त्याला दोन फळ्यांच्या मधे आडवा ठेवला.

"किती येळ लागंल, काका?" गुणमालानं विचारलं.

"दीड तास. वारा असला तर."

"आणि नसला तर?"

"बगू."

वारा होता. पण तो नेमका उत्तरेकडून, म्हणजे जिकडं जायचं तिकडूनच येत होता. तांडेलानं शीड चढवलं, होडी कलली आणि सुटली. पहिल्या झटक्यात गोमटेशची छत्री उलटी झाली आणि त्याच्या हातातनं निसटून एकटीच दक्षिणेला निघून गेली. तो तिच्याकडं बघतच राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की किनारासुद्धा लांब चाललाय.

तेवढ्यात फोन वाजला. नाथाजी धक्क्यावर पोचले होते.

"रिपोर्ट द्या," नाथाजी म्हणाले. "लोकेशन काय?"

"समुद्रात हाय."

"ते झालंच. दिशा कुठली?"

गोमटेशनं मान उंचावून बघितलं. समोर राखाडी पाण्याशिवाय काही नव्हतं. "अरबस्तानाकडं," तो म्हणाला.

"धक्का उत्तरेला हाय!"

"मला म्हाईत हाय, सुभेदार. तांडेलला म्हाईत न्हाई असं दिसतंय."

फोन पिशवीत ठेवून त्यानं तांडेलाला नम्रपणे समजावून सांगितलं की होडी वाकडी चालली आहे. बरंच आत गेल्यावर तांडेलानं शीड फिरवलं, होडी वळली आणि आता सरळ किनाऱ्याच्या खडकांकडं निघाली. गोमटेश आणखी घाबरला. "आता दुसरीकडं वाकडी! अगं, ह्या माणसाला रस्ता ठाव न्हाई!"

गुणमाला मात्र शिडाकडं, पाण्याकडं आणि तांडेलाच्या हाताकडं बघत होती. तिनं कधी समुद्र जवळून बघितला नव्हता. साडीवर स्वेटर, स्वेटरवर रेनकोट, आणि तोंडावर येणारं खारं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"आवं, घाट सकाळी सरळ उतरलो का आपण?" ती म्हणाली. "वळणं घेत घेतच आलो न्हवं? समोरनं वारा हाय. सरळ गेलं तर तो मागं ढकलंल. म्हणून असं तिरकं जायचं, आणि परत असं."

तांडेलानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"वैनी, या हितं," तो म्हणाला. "ह्यो दांडा धरा."

शीड इकडून तिकडं घ्यायचं म्हणजे त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. दुसरा पुरुष ट्यूबमध्ये आडवा होता आणि एव्हाना हिरवट पडला होता. म्हणून सुकाणूचा दांडा गुणमालाकडं आला.

आता सुकाणूची गंमत अशी की दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते. नवख्या माणसाचा इथं हमखास गोंधळ उडतो. गुणमालाचा उडाला नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून मागं घेताना हेच करावं लागतं, आणि मगदुमांच्या घरात ट्रॉली रिव्हर्स घेणारं माणूस गुणमालाच होती. गोमटेशनं सात वर्षांत त्या नादात दोन वेळा गोठ्याची भिंत पाडली होती. तिनं दोन-तीनदा दांडा हलवून बघितला, होडीनं ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तांडेल शीड सोडून क्षणभर तिच्याकडंच बघत राहिला.

"जमताय," तो म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं सगळ्यात लांब कौतुक होतं.

बारा वाजले तेव्हा त्यांनी निम्मासुद्धा पल्ला गाठला नव्हता. एकला वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं आणि पाऊस सुरू झाला, बारीक, गार, न संपणारा. होडी जागच्या जागी डुलत राहिली. गोमटेशच्या पोटात चिपळूणचा चहाही राहिला नाही. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

"वल्ही मारायची का?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं, आणि उठूनही बसला. पण पोट आणि गुडघ्यांच्या मधे ट्यूब असल्यामुळं त्याला वाकता येईना. वल्हं पाण्याला टेकायचंच नाही. त्यानं हवेत पंधरा-वीस वेळा वल्हं मारलं, दमला आणि पुन्हा आडवा झाला.

तांडेलानं कमरेची पुरचुंडी सोडली. आत सुकट आणि भाकरी होती. त्यानं दोघांपुढं धरली, मग त्याला आठवलं आणि ओशाळून तो होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसून जेवला. गुणमालानं नाकाला पदर लावला. भूक इतकी लागली होती की तो वाससुद्धा तिला पहिल्यासारखा वाईट वाटेना, आणि त्याचाच तिला राग आला.

फोन वाजला.

"वैनी, डबा सेफ हाय," नाथाजी म्हणाले. "केबिनमधी सीटवर ठेवलाय. मी हात लावलेला न्हाई."

"भावजी, तुमी जेवा की त्यातलं."

"न्हाई. तुमी फ्रंटवर असताना मी इथं धपाटं खाऊ? जमणार न्हाई." मग थोडं थांबून, "वास मातर लय बेकार सुटलाय."

"सूर्यास्त कितीला हाय बघा जरा."

नाथाजींनी मोबाईलमध्ये बघितलं. "सहा वाजून दोन मिन्टं. पण वैनी, सूर्य सकाळधरनं दिसलाच न्हाई. जो उगवलाच न्हाई तो मावळंल कसा?"

"असलं शब्दात धरून चालत न्हाई," गुणमाला म्हणाली आणि फोन ठेवला.

तीनला पुन्हा वारा आला आणि या वेळी जोरात. त्यानंतरचा दीड तास गुणमाला कुणाशी बोलली नाही. तांडेल नुसतं "हां" म्हणायचा, ती दांडा लोटायची, शीड फडफडून पलीकडं जायचं, होडी कलायची आणि गोमटेश गडगडत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा. पहिल्यांदा तो ओरडला. पुढं पुढं त्यानं सवय करून घेतली. तांडेल म्हणाला, वजन नेमकं नको त्या बाजूला जाताय.

साडेचारला पावसाचा पडदा आला आणि किनारा दिसेनासा झाला. डोंगर नाही, झाडं नाहीत, धक्का नाही. चारी बाजूंना एकच पांढरट ओलं फडकं. तांडेलानं डोळे बारीक केले.

"काका, कुठनं जायचं?"

"बगू."

त्या वेळी तो आवाज आला. लांबून, पावसातनं, तीन सुरांत, लग्नाच्या बँडमधल्या पिपाणीसारखा. नाथाजींच्या ट्रकचा हॉर्न. उसाच्या सीझनमध्ये गोमटेश त्या हॉर्नला वैतागायचा, पहाटे चारला तो दारात वाजायचा. आज त्याचे डोळे भरून आले.

"सुभेदार," तो फोनमध्ये ओरडला, "वाजवत राव्हा! थांबू नका!"

नाथाजी थांबले नाहीत. पाऊण तास त्यांनी हॉर्न वाजवला. धक्क्यावरचे लोक कानात बोटं घालून जमा झाले. एकानं विचारलं काय झालंय, तेव्हा नाथाजींनी हॉर्नवरचा हात न काढता सांगितलं, "आमच्या वैनी समुद्रातनं जेवायला येत्यात."

गुणमालानं आवाजावर होडी धरली. आवाज डावीकडनं आला की तिकडं, उजवीकडनं आला की तिकडं. पाऊस विरळ झाला आणि समोर खरोखरच धक्का उभा होता. त्याच्यावर ट्रक, ट्रकचे पेटलेले दिवे, पन्नासेक माणसं आणि डोळ्यांना दुर्बीण लावलेले नाथाजी. साडेपाच वाजले होते.

"पोचलो!" गोमटेश म्हणाला. त्याच क्षणी होडीखाली खरर्र असा आवाज झाला आणि ती थांबली.

तांडेलानं खाली बघितलं. "रुतली. वाळू हाय."

"आता?"

"भरती येल."

"कवा?"

"आठला."

धक्का शंभर-सव्वाशे पावलांवर होता. मधे गढूळ राखाडी पाणी, त्याचा तळ दिसत नव्हता. तांडेल नांगर टाकून बिडी पेटवायच्या खटपटीत लागला, त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. गुणमाला धक्क्याकडं बघत राहिली. पाच पस्तीस. पाच चाळीस.

"आज ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली. "उद्या सकाळी जेवते. काही मरत न्हाई माणूस."

गोमटेशला फार वाईट वाटलं. होडी त्यानं घेतली होती, डबा तो विसरला होता, आणि दिवसभर सुकाणू मात्र तिनं धरलं होतं. तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "सुभेदाऽऽर! डबाऽऽ!"

नाथाजींनी दुर्बीण खाली केली. घड्याळ बघितलं. मग जमलेल्या पन्नास माणसांसमोर त्यांनी शांतपणे बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, पँट काढून घडी घालून ट्रकच्या बॉनेटवर ठेवली आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर धक्क्याच्या पायऱ्या उतरले. डबा त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता. फौजेत नदी ओलांडताना रायफल अशी धरतात.

"सुभेदार, खोल असंल!" गोमटेश ओरडला.

"गप बसा! डिस्टर्ब करू नका!"

नाथाजी पाण्यात शिरले. पाऊल टेकवून, तळ चाचपून, दम धरून ते एकेक पाऊल पुढं टाकत होते. पाणी गार होतं, त्यांच्या तोंडून अधूनमधून हिंदीत काहीतरी निघत होतं. धक्क्यावर सगळे चिडीचूप. गोमटेशनं ट्यूब काढून त्यांच्याकडं फेकायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही. दहा पावलं झाली, पाणी घोट्याच्या वर. तीस झाली, पोटरीला. नाथाजींनी डबा आणखी उंच धरला. आता कधीही तळ सुटेल या तयारीनं त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच कोंडून ते पुढं निघाले. पाणी पोटरीलाच राहिलं.

त्यांच्या मागं धक्क्यावरचं एक तांबूस कुत्रं पाण्यात उतरलं. धपाट्याचा वास त्यालाही लागला होता. ते रमतगमत चालत आलं, शेपटी कोरडी ठेवून, श्वास कोंडून चाललेल्या नाथाजींना मागं टाकून होडीपाशी पोचलं आणि गोमटेशच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं. पाणी त्याच्या पोटालाही लागत नव्हतं.

धक्क्यावर पहिल्यांदा एकजण हसला. मग सगळे.

नाथाजी लाल झाले होते, पण त्यांनी हात खाली केले नाहीत. होडीपर्यंत डबा डोक्यावरच आला. "वैनी," ते म्हणाले, "पाच एक्कावन."

गुणमाला हसत नव्हती. तिनं डबा घेतला, पदरानं डोळे पुसले आणि होडीच्या फळीवरच मांडी घातली. पहिली भाकरी तिनं नाथाजींना दिली. दुसरी तांडेलाला. मग स्वतः जेवली, घाई न करता, मटकीचा दाणा न् दाणा. गोमटेशला ट्यूबवरनं हात पुढं करून खावं लागलं, निम्मी चटणी ट्यूबवरच सांडली. कुत्र्याला धपाट्याचा तुकडा मिळाला. सहाच्या ठोक्याला ती पाणी प्यायली आणि डब्याचं झाकण लावलं. आभाळात कुठंच काही मावळताना दिसलं नाही, नुसता उजेड विटत गेला.

"लय भारी जेवण झालं," नाथाजी म्हणाले आणि कुडकुडत होडीत चढले. "पाणी खोल न्हवतं म्हणून, न्हाईतर..."

"न्हाईतर तुमी पवत आला असता, भावजी. ठाव हाय मला."

भरती आली तशी होडी सुटली आणि हसणाऱ्या त्याच माणसांनी हातभार लावून ती ट्रकवर चढवून दिली. गोमटेशची ट्यूब व्हॉल्व्ह काढून हवा सोडल्यावर निघाली. तोपर्यंत हे कुणालाच सुचलं नव्हतं. तांडेलानं शिडाची गुंडाळी स्वतःच्या हातानं बांधून गुणमालाच्या हवाली केली. गोमटेशनं घ्यायला हात पुढं केला तर दिली नाही.

"वल्ला ठेवू नका ह्याला," तो तिला म्हणाला. "उन्हात सुकवा."

गुणमालानं वाकून त्याला नमस्कार केला. त्यानं घाईनं पाय मागं घेतले आणि अंधारात कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेला.

होडी दीड-दोन महिने दारात उभी राहिली. गुणमालानं ती सोड्यानं तीनदा आणि चिंचेनं एकदा घासली. फेब्रुवारीत, नदी शांत असताना, दहा-बारा माणसांनी ती वारणेत सोडली. गोमटेश काठावर उभा राहून सगळ्यांना शीड म्हणजे काय ते समजावून सांगत होता, तोवर गुणमालानं ते चढवूनसुद्धा टाकलं. वारा पश्चिमेचा होता. नदीत कुणी शीड कधी बघितलं नव्हतं. पाणी भरायला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहिल्या.

पलीकडच्या काठाला गुणमालाचं माहेर होतं. पुलावरनं गेलं तर तेवीस किलोमीटर पडायचं, म्हणून वर्षातनं तीन-चारदाच जाणं व्हायचं. ती दहा मिनिटांत पलीकडं पोचली. तिची आई राहीबाई घाटावर कपडे धूत होती. समोरून पांढरं शीड आलं आणि त्याच्याखाली आपली लेक बसलेली दिसली, तशी म्हातारी पिळलेलं लुगडं हातात धरून तशीच उभी राहिली.

"अगं बया," ती म्हणाली. "आणि जावई कुठं हायत?"

"येत्यात," गुणमाला होडी काठाला लावत म्हणाली. "मोटारसायकल घेऊन पुलावरनं. तू च्या टाक तोवर."